लुगडे ओळीचा कचरा आणि रुपरावचे धागे

रुपराव माझा शेजारी होता आणि माझ्याविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. तांडापेठेत आमच्या दोन घरांमध्ये भिंत एकच, त्यामुळे ते मत मला रोज ऐकू येई. मी इतवारीतल्या एका प्राथमिक शाळेत शिकवत असे. रुपरावच्या लेखी ते काम नव्हतं. "पोरं आपोआपच वाढतात, गुरुजी," तो म्हणायचा, "तुमी फक्त मंधात उभे राहता."

अशी मतं त्याच्याकडे सगळ्यांसाठी होती. डॉक्टर म्हणजे ताप उतरेपर्यंत हात धरून बसणारा माणूस. पुजारी म्हणजे देवाची झोपमोड. जावई म्हणजे जेवायला वेळेवर येणारा एकमेव नातेवाईक. हे सगळं तो मोठ्यानं बोले. विणकराला मागाच्या खटखटीवर आवाज चढवून बोलायची सवय लागते, आणि रुपरावचा माग बंद पडला तरी आवाज काही खाली आला नाही. बुटका, खांद्यानं रुंद, पायानं काडी, आणि डोक्यावरची टोपी एका कानावर अशी टेकलेली की ती पडायची वाट पाहत माणूस त्याचं बोलणं ऐकत राही.

माग त्याच्या बापाचा होता, सागवानी. त्यावर नऊवारी लुगडी विणली जात. मग गिरणीची स्वस्त लुगडी आली, सूत महागलं, लुगडं विणून देण्यापेक्षा न विणणं परवडू लागलं. रुपराव इतवारीतल्या लुगडे ओळीत हमालीला लागला. ज्या ओळीत त्याच्या बापाची लुगडी विकली जात, तिथेच तो आता गिरणीच्या कापडाच्या गाठी पाठीवर वाहू लागला. त्याची बायको प्रेमिला पूर्वी त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, सुताला शिजवलेल्या पिठाची खळ लावायची. ती आता दुसऱ्यांच्या घरी कांड्या भरू लागली. प्रेमिला कमी बोलायची. त्या घरात दोघांपुरतं बोलणं आधीच होत असे.

लुगडे ओळ म्हणजे इतवारीतली एक बंद गल्ली. एका अंगाला कापडाची दुकानं, दुसऱ्या अंगाला गोदामांच्या पाठी, आणि शेवटी भिंत. रोज गाठी सुटत. प्रत्येक गाठीतून तरट, पुठ्ठे, खाकी कागद, गवत, सुतळ्या निघत, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत गुडघाभर पसारा होई. तो उचलायला व्यापारी मंडळानं चंद्रभानचा ट्रक लावला होता. चंद्रभान रोज दुपारी येई, गल्लीत ट्रक घुसवे आणि इंजिन चालूच ठेवी. कारण एकदा बंद केलं तर ते पुन्हा चालू होईल याची त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. ट्रकातून असा काळा धूर निघे की दारात टांगलेलं पांढरं धोतर तासाभरात अर्ध्या किमतीचं होई. शिवाय जे ट्रकात मावत नसे ते नोकर गल्लीच्या टोकाला पेटवून देत. खेड्यातून आलेल्या बाया लुगडं नाकाशी नेऊन विचारत, "शेटजी, हे चुलीजवळ ठेवलं होतं का गा?"

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट सांगतोय. डिझेल महाग झालं होतं. चंद्रभाननं खेपेचा दर वाढवला. मंडळाचे अध्यक्ष भैयाजी हे तब्येतीनं आणि स्वभावानं भारदस्त गृहस्थ. ते गादीवरून उठत नसत. ते म्हणाले, वाढवा. कोपऱ्यातले ईश्वरदासजी म्हणाले, आमच्या दुकानातून कचरा निघतच नाही, आम्ही वाढीव दर का द्यावा? त्यांच्या दारात त्या वेळी सगळ्यात मोठा ढीग होता, पण तो त्यांच्या मते शेजारच्या दुकानातून वाऱ्यानं येत असे.

याच सुमारास रुपरावला एक गोष्ट दिसली. चंद्रभानचा ट्रक काठोकाठ भरून जायचा. पण रुपराव हमाल होता, त्याला पाठीवरच्या वजनाची अक्कल होती. भरलेल्या ट्रकाच्या चाकांची रबरं जराही बसत नव्हती. तो माझ्याकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, तो चंद्रभान हवा नेऊन राहिला."

"म्हणजे?"

"पुठ्ठ्याची पेटी टाकली ट्रकात. पेटीत काय हाये? हवा. गवत टाकलं. गवतात काय हाये? हवा. इतवारीची हवा डिझेल जाळून कामठी रोडले नेते अन् तिथं सोडते. कामठी रोडले हवा नाही काय?"

त्याच्या डोक्यात दोन गोष्टी शिरल्या. एक, कचरा दाबायचा. दोन, दुकानादुकानाशी पिंप ठेवायचं आणि ते भरल्याशिवाय त्याच्याकडे जायचंच नाही. तो भैयाजींकडे गेला. चंद्रभानचा रोजचा ट्रक बंद करा, कचरा मी पाहतो, ट्रक फक्त गठ्ठे न्यायला बोलवू, असं त्यानं सांगितलं. भैयाजींनी त्याला आखाडापासून पोळ्यापर्यंत मुदत दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, इडापीडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक; तेव्हा निम्मी दुकानं बंद असतात, सगळे व्यापारी ओट्यावर मिरवणूक पाहत बसलेले असतात. त्या दिवशी मंडळ ठरवेल. पटलं तर रुपराव ओळीचा कायमचा माणूस. नाही तर चंद्रभान पुन्हा रोज, आणि रुपरावनं हमालीलासुद्धा परत येऊ नये, अशी पुरवणी ईश्वरदासजींनी जोडली, कारण हमालीची त्याची जागा तोवर दुसऱ्याला द्यावी लागणार होती.

दाबायला यंत्र हवं. लाकूड विकत घ्यायची ऐपत नव्हती. घरात लाकूड एकच होतं. त्यानं बापाच्या मागाचे खांब आणि आडवी दांडी कापली. मी तेव्हा दारात उभा होतो. करवतीचं दुसरं टोक प्रेमिलानं धरलं होतं. खांब मधोमध तुटला तेव्हा ती म्हणाली, "आता हा परत जुळत नाही. ओळीनं ठेवलं नाही तं मागाच्या खड्ड्यात मी तुमालेच बसवते, अन् वरून फळी टाकते."

"फळीसुद्धा कापली वं," रुपराव म्हणाला.

त्या खांबांची त्यानं माणसाच्या छातीइतकी उंच, मजबूत चौकट केली. आत लाकडी पेटी, पेटीला वरून खाली जाणारं झाकण, आणि झाकणाच्या व वरच्या दांडीच्या मध्ये ट्रकाचा जॅक. पेटीत कचरा भरायचा, जॅक फिरवायचा, झाकण खाली जात राही आणि कचरा कुरकुरत बसत जाई. मग सुतळीनं बांधला की फरशीसारखा गठ्ठा बाहेर. जॅक त्यानं चंद्रभानकडूनच जुना विकत घेतला. चंद्रभाननं तो आनंदानं विकला. तो कशाला हवाय हे त्याला नंतर कळलं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं जॅक हा शब्द कोणी काढला की तो उठून जायचा.

पण रुपरावचा खरा अभिमान दुसऱ्याच गोष्टीत होता. प्रत्येक दुकानाच्या दारात त्यानं पत्र्याचं एक पिंप ठेवलं. पिंपात, कचऱ्यावर, लाकडाची गोल फळी. फळीला धागा. तो धागा वर वळचणीला जाऊन, रिकाम्या रिळावरून वळून, दुकानांच्या कडेकडेनं थेट गल्लीच्या शेवटी रुपरावनं भिंतीला टेकून उभारलेल्या टिनाच्या शेडमध्ये येई. तिथं धाग्याच्या टोकाला, चिंधीत बांधलेला एक गोटा. पिंप रिकामं असलं की फळी तळाशी आणि गोटा वर. कचरा वाढला की फळी वर चढे, धागा सैल पडे आणि गोटा तेवढाच खाली उतरे. भिंतीवर खाली गेरूची रेघ होती. गोटा रेघेला आला की पिंप भरलं. शेडमध्ये बसल्या बसल्या अख्ख्या ओळीच्या कचऱ्याची खबर! कोणाचा गोटा कोणता ते कळावं म्हणून चिंध्या वेगवेगळ्या. ईश्वरदासजींच्या वाट्याला रुपरावच्या जुन्या लंगोटाची चिंधी आली. ही बातमी त्यांना कोणी दिली माहीत नाही, पण दोन दिवस ते शेडच्या दिशेनं तोंड करून पान थुंकत होते.

आणि ते चाललं. महिनाभर तरी चाललं. रुपराव शेडमध्ये बिडी ओढत बसे, गोटा रेघेला टेकला की हातगाडी घेऊन जाई, पिंप रिकामं करी, कचरा दाबी. कचरा पेटवणं थांबलं. ट्रक पंधरवड्यातून एकदा आला. लुगड्यांना लुगड्यांचाच वास येऊ लागला. अडचणी होत्याच. नोकर कचरा टाकताना फळी बाजूला उभी करून ठेवत आणि परत ठेवायची विसरत. ईश्वरदासजींना फळी हातानं वर उचलली की रुपराव धावत येतो याचा शोध लागला. मग ते त्याला बोलावून पाणी भरून मागू लागले.

"शेटजी, हा धागा कचऱ्यासाठी हाये, तुमच्यासाठी नाही," रुपराव म्हणाला. मग जरा विचार करून पुढे म्हणाला, "तशी वेळ आली तं सांगा. पिंप मोठं आणू."

यश डोक्यात जातं तसं त्याच्याही गेलं. तो पिंपांकडे बघेनासा झाला. समोरून जातानाही मान वळवायचा. कोणी म्हटलं, "अबे रुपराव, हे पिंप पाह्य ना, भरलं की काय," तर म्हणायचा, "पाहायचंच असतं तं धागा काहून बांधला असता? डोळा चुकते. धागा चुकत नाही."

पोळ्याच्या दिवशी ओळ बंद होती. उद्या मंडळाची माणसं शेड पाहायला येणार, म्हणून रुपरावनं सगळे धागे नवे घालायचं ठरवलं. आधीचे धागे गोदामातली जाडीभरडी सुतळी होती, तेलकट, काळी पडलेली. ती त्याला लाज आणी. त्यानं घरातलं उरलंसुरलं चांगलं सूत काढलं. आणि कोष्ट्याच्या घरात सूत उघडं, नागडं, कधी बाहेर जात नाही. ते तुटतं, त्याचे तंतू सुटतात. प्रेमिलानं सकाळपासून पीठ शिजवलं, दाट खळ केली आणि नवरीच्या लुगड्याला लावावी तशी त्या सुताला लावली. दुपारी मी पाहिलं, अंगणात दोन खुंट्यांमध्ये सूत ताणलेलं, आणि दोघं नवराबायको दोन्हीकडून कुंचा फिरवत येत होते. माग गेल्यापासून त्यांना एकत्र काम करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. रुपराव चक्क गप्प होता. संध्याकाळपर्यंत ओळीच्या वळचणीला पांढरेशुभ्र, ताठ, भाकरीच्या वासाचे धागे लागले.

ज्यानं कापड बाजार पाहिलाय, त्याला मी तिथल्या उंदरांविषयी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी, मारबतीच्या सकाळी, रुपरावनं शेड उघडली तेव्हा सगळे गोटे खाली होते. एकूण एक. रेघेच्याही खाली. आता, काल ओळ बंद होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्यानं स्वतः सगळी पिंपं रिकामी केली होती. बंद ओळीत कचरा करणार कोण? हा प्रश्न दुसऱ्या कोणालाही पडला असता. रुपरावला पडला नाही. सणाच्या विक्रीमुळे पिंपं भरली असतील असं त्यानं धरलं, आणि मंडळ येणार त्याच दिवशी सगळी पिंपं एकदम भरली याचा त्याला उलट आनंद झाला. शेडमध्ये पंधरवड्याचे गठ्ठे आधीच रचलेले; एवढे नवे गठ्ठे मावणार नाहीत; म्हणजे ट्रक आजच हवा. तो तडक चंद्रभानकडे गेला.

"मारबतीच्या दिवशी? गल्लीत?" चंद्रभान म्हणाला. "पिंपं पाहिली का तू?"

"पाहायची गरज नाही."

"बरं," चंद्रभान म्हणाला आणि ट्रक काढला. त्याच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी सणाची कळा आली, असं तिथला पानवाला नंतर सांगत होता.

मी भैयाजींच्या ओट्यावर जाऊन बसलो होतो. शाळेला सुट्टी होती आणि त्यांच्या ओट्यावरून मिरवणुकीची गर्दी चांगली दिसे. ट्रक खोकत आत आला, पार शेडपर्यंत गेला. दोघांनी मिळून गठ्ठे वर चढवले. मग रुपरावनं मंडळाला ऐकू जाईल अशा आवाजात "आता पिंपं!" म्हटलं आणि पहिल्या पिंपात पाहिलं.

पिंप रिकामं होतं. फळी तळाशी पडली होती. दुसरं पाहिलं. रिकामं. तिसऱ्याला त्यानं हात घातला, जणू कचरा लपून बसला असेल. चंद्रभान हाताची घडी घालून त्याच्या मागे मागे चालत होता. एकेका पिंपाशी थांबून तो आत डोकावून "अरे वा" म्हणे. ईश्वरदासजींच्या पिंपात मात्र काहीतरी होतं. तळाशी एक उंदीर झोपला होता, पोट टम्म. रुपरावनं पिंप उलटं केल्यावर तो नाइलाजानं उठला, भैयाजींच्या ओट्यावर चढला आणि त्यांच्या गादीवरून आत दुकानात गेला. त्याला काही घाई नव्हती.

रुपरावनं वर पाहिलं. वळचणीला धाग्यांचे आखूड तुकडे लोंबत होते. रात्रभर पंगत झाली होती. धागा तुटला की गोटा खाली जातो, आणि खाली गेलेला गोटा म्हणजे भरलेलं पिंप.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ढोल वाजले. तांडापेठेतली पोरं दरवर्षी आपला बडग्या, मिरवणुकीत जाळायचा पुतळा, आधी लुगडे ओळीत आणत, भैयाजींसमोर नाचवत, वर्गणी घेत आणि मग मोठ्या मिरवणुकीत जात. त्या वर्षीचा बडग्या महागाईचा होता. दोन माणसं उंच, पुढे आलेलं पोट, आत गवत ठासलेलं. मागं गर्दी. चंद्रभाननं ट्रक मागं घ्यायला गिअर टाकला आणि त्याला कळलं की मागं आता नागपूर उभं आहे. पुढे रुपरावची शेड. त्यानं जोरात अॅक्सिलरेटर दाबला. धुराचा लोट थेट महागाईच्या तोंडावर गेला आणि ती ओळखू येईनाशी झाली.

"अबे, हे कोणाची मारबत होय?" एक पोरगा ट्रकाकडे बोट दाखवून ओरडला. "आपल्यापेक्षा मोठी केली ना बे!"

"अन् धूरही सोडते!"

मग सगळ्या गर्दीनं ट्रकासमोर हात नाचवत घोष सुरू केला, "धुराले, डिझेलले, घेऊन जा गे मारबत!" चंद्रभान खिडकीतून शिव्या देत होता, पण ढोलापुढे त्या कोणाला पोचल्या नाहीत. शेवटी त्यानं इंजिन बंद केलं.

आता ना ट्रक हलेना, ना बडग्या. ओट्यांवर पोरं चढली, भैयाजींचा ओटासुद्धा गेला. बसायला जागा उरली ती ट्रकातच. मंडळ ट्रकात चढलं. भैयाजींना वर घ्यायला चौघं लागले. ते एका गठ्ठ्यावर बसले, ईश्वरदासजी दुसऱ्यावर, बाकीचे त्यांच्यामागं. मीही एका कोपऱ्यात टेकलो. भैयाजींनी बसल्या जागी दोनदा अंग दाबून पाहिलं.

"रुपराव, हे काय आहे?"

"कचरा हाये, भैयाजी. तुमचाच." आवाज पहिल्यांदाच खाली आला होता.

"कितीचा?"

"पंधरवड्याचा."

भैयाजींनी मागं वळून ट्रक पाहिला. तीन भाग रिकामा. ओळीचा अख्खा पंधरवडा मंडळाच्या बुडाखाली मावला होता, आणि वर मंडळ बसूनही तो दबला नव्हता. मग त्यांनी खाली उभ्या असलेल्या चंद्रभानकडे पाहिलं.

"हा एवढा कचरा, आणि तू रोज गाडी भरून काय नेत होतास?"

"मले काय विचारता?" चंद्रभान भडकला. "तुमी हवा भरून देत होते, मी हवा नेत होतो. कोणी म्हटलं का, चंद्रभान, हवा ठेवून जा?"

ट्रकातल्या मंडळाची बैठक तिथंच झाली. कचरा दाबायचा, हे ठरलं. ईश्वरदासजींचासुद्धा विरोध नव्हता. बसलेल्या जागेवरून तसा विरोध करणं अवघड होतं. पण धागे नकोत, असं सगळ्यांचं मत पडलं. उंदीर नाचवायला आम्ही दुकानं काढली नाहीत. रुपरावनं रोज फिरून पिंपं पाहावीत. देवानं डोळे दिलेत.

हे कबूल केलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. रुपराव म्हणाला, "नाही."

"काय नाही?"

"फिरत राहिलो तं दाबीन कधी? पिंपापिंपानं हिंडून डोकावून पाहायले मी काय कावळा होय? धागे राहतीन तं मी राहीन. नाही तं धागे अन् पेटी, दोन्ही घेऊन जातो."

मी त्याच्याकडे पाहत होतो. तो खरंच पेटीकडे निघाला होता. घरी माग नाही, हमालीची जागा गेलेली, आणि हातात आलेली भाकर तो टोपीसकट फेकून देत होता. चंद्रभान "जाऊ द्या, जाऊ द्या" म्हणत लोकांना वाट करायला सांगू लागला.

प्रेमिला बायांच्या गर्दीत बडग्या पाहायला आली होती. ती पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि ट्रकाखाली उभी राहून वर पाहत म्हणाली, "भैयाजी, धाग्याले खळ म्या लावली. ह्यायच्या डोक्याले दोष देऊ नका, ते तसंच हाये, ते काही आजचं नाही. उंदरायनं खाल्लं ते माह्या हातचं होतं. अन् तुमच्या ओळीतले उंदीर बरे म्हणा. पोटभर खाल्लं अन् नाव ठेवलं नाही. मंडळानं तं अजून चाखलंही नाही."

ट्रकात कोणीतरी हसलं. भैयाजींनी हसू दाबलं, ते त्यांच्या पोटावर दिसलं.

"बरं. मग काय म्हणतेस?"

"धागा राहीन, खळ जाईन. निंबाच्या तेलात बुडवून घालते, उंदीर तोंड लावणार नाही. अन् गोट्यायसमोर मी बसते. हे बसले तं धाग्याले काही विचारत नाहीत, धाग्याच्या वतीनं स्वतःच बोलतात. गोटा खाली आला की मी धागा वढून पाहीन. फळी जड लागली तं भरलं, हलका आला तं तुटला. आयुष्यभर तुटलेला धागाच शोधला म्या, दुसरं काय केलं?"

"बाई माणूस," ईश्वरदासजी म्हणाले, "दिवसभर ओळीत बसणार? बरं दिसतं का ते?"

प्रेमिलानं त्यांच्या दुकानातल्या टांगलेल्या लुगड्यांकडे पाहिलं. "शेटजी, हे लुगडे नेसते कोण? तुमी?"

बडग्यावाल्या पोरांनी ढोल बडवला. ईश्वरदासजी पुढे काय बोलले ते कोणालाच ऐकू आलं नाही आणि भैयाजींनी त्यांना पुन्हा विचारलंही नाही. "दोघांनाही ठेवा," ते म्हणाले. "कायमचं. आणि आधी मला खाली उतरवा."

रुपराव पेटीशी उभा होता. बायकोनं आपल्याला मंडळासमोर वाचवलं, की मंडळासमोर उघडं पाडलं, हे ठरवायला त्याला बराच वेळ लागला. माझ्या माहितीप्रमाणे त्याचं ते कधीच ठरलं नाही. संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "तुले कोणी सांगितलं होतं वं मंधात पडाले?" आणि मग बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज.

पुढे बारा-तेरा वर्षं ती दोघं लुगडे ओळीत होती. चंद्रभाननं ट्रक नरखेडकडच्या संत्र्यांच्या पेट्यांना लावला आणि पंधरवड्यातून एक खेप ओळीची करू लागला. आल्यावर तो शेडशी थांबून "भाबी, गठ्ठे किती?" एवढंच विचारी. रुपरावशी त्याला बोलायची गरज नव्हती. आणि त्याला शिव्या द्यायच्या तर त्या तो चहा पिताना देई. धाग्यांना निंबाच्या तेलाचा कडू वास येई. ईश्वरदासजींनी पुढे एकदा गंमत म्हणून फळी हातानं उचलली, तेव्हा शेडमधून प्रेमिलानं धागा असा ओढून सोडला की फळी त्यांच्या बोटांवर बसली. नंतर त्यांनी ती गंमत केली नाही.

मला मात्र रुपराव आठवतो तो दुपारचा. दुकानांत गर्दी असायची. तो ओळीच्या मधोमध हातगाडीचा दांडा धरून उभा असायचा, टोपी कानावर, आणि सगळ्या इतवारीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचा, "कोणतं वं?"

शेडमध्ये प्रेमिलाच्या हातात चहाची बशी असायची. ती फुंकर घालायची, एक घोट घ्यायची, एक धागा बोटावर घेऊन पाहायची, मग दुसरा.

"थांबा ना जरा," ती म्हणायची. "पाहून राहिली."

आणि रुपराव थांबायचा.